सिलिंडर माझं, गाडी त्याची

कुमासी, १५ फेब्रुवारी १९९८

दुफिए ताई,

तुझ्याशी बोलायचं नाही, असं मी तुझ्या लग्नाच्या दिवशी ठरवलं होतं. ते अजून मोडलेलं नाही. हे बोलणं नाही, विचारणं आहे. दुसऱ्या बाईचा नवरा घ्यायचा असला, की बायका सुरुवात कुठून करतात? तुला माहीत असणार. इथे कुणाला विचारलं, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या केजेतिया स्टँडला कळेल, म्हणून आबिजानच्या बसवाल्याच्या हाती हे पत्र देते आहे.

आमच्याकडे सुरुवात टोमॅटोपासून झाली आहे.

बारिमाला तू माझ्या लग्नात पाहिलंस तेव्हा तो दुसऱ्याच्या गाडीच्या दारात लटकून प्रवाशांना हाका मारायचा. आता स्वतःची गाडी आहे. कुमासी ते तेचिमान, रोज जाऊन येऊन. मी स्टँडवरच पाट मांडून विकायला बसते. रस्त्यात ठेवायचे लाल त्रिकोण, पुसायची फडकी, आणि आग विझवायची सिलिंडरं. पोलीस नाक्यावर अडवून आधी तेच विचारतात, "सिलिंडर कुठाय?" म्हणून ड्रायव्हर विकत घेतात. पण कसली घेतात? स्वस्तातली, आत काही नसलेली, वरून छान लाल रंग दिलेली. पोलिसाला दाखवायची आणि परत सीटखाली ढकलायची. मी तसली ठेवत नाही, म्हणून माझा धंदा हळू चालतो. लोक हसतात.

माझा नवराही हसायचा. म्हणायचा, "बिरागो, पुढच्या सीटवर दोन माणसं बसतात. तुझं हे लाल बाळ ठेवलं, तर एकाने पाय कुठे ठेवायचे, माझ्या डोक्यावर?"

मी म्हटलं, "ठेवू दे डोक्यावर. रिकामंच आहे."

शेवटी मीच पाना घेऊन गाडीत शिरले आणि त्याच्या सीटच्या बाजूला पट्टी ठोकून सिलिंडर बसवलं. भरलेलं, दाबाचा काटा हिरव्यावर असलेलं. दर महिन्याला मीच उलटं-सुलटं करून हलवायचे, आतली भुकटी घट्ट बसू नये म्हणून. हे सगळं सांगते आहे कारण पुढे जे झालं त्यात माझं नाव कुठेच नाही.

गेल्या वर्षी, कोरडा वारा सुटलेला असताना, अबोफुरच्या पुढे एक टॅक्सी रस्त्याच्या कडेला धुरात उभी होती. बारिमाने गाडी थांबवली. त्या टॅक्सीवाल्याकडे सिलिंडर होतं, पण तेच, पोलिसाला दाखवायचं. तो दाबत होता आणि त्यातून ढेकरसुद्धा येत नव्हती. मागे एक बाई अडकली होती. तिच्या बाजूचं दार उघडेना. बारिमा आमचं सिलिंडर घेऊन धावला, जाळ दाबला, काच फोडली आणि तिला खिडकीतून ओढून काढलं. त्याच्या शर्टाची बाही जळाली. तो घरी आला तेव्हा भुवयांवर पांढरी भुकटी होती. मी त्याला मिठी मारली आणि रडले. त्या दिवशी मला मत्सर वगैरे काही वाटला नाही, हे मुद्दाम लिहिते.

ती बाई इतके दिवस कुठे होती कुणास ठाऊक, पण गेल्या महिन्यात तिच्याकडून पहिला क्रेट आला. मग दुसरा. मग कांदे, मग यामचे कंद. ती तेचिमानची टोमॅटोची मोठी व्यापारी आहे म्हणे. अद्वोआ फ्रेमा. नवरा वारलेला. स्वयंपाकघरात पाऊल ठेवायला जागा नाही, मी रोज टोमॅटो वाटते आहे, माझे हातही लाल झालेत.

मी विचारलं, "दिसायला कशी आहे?"

"कोण?"

"ज्यांनी अख्खं शेत पाठवलंय त्या."

"धूर होता, बिरागो. धुरात काय दिसणार?"

ताई, धूर तेव्हा होता. आता ती दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्याच्या गाडीतून कुमासीला येते. आता कुठला धूर?

उत्तर पाठव. नाही पाठवलंस तरी चालेल.

अमा बिरागो


कुमासी, २२ मार्च १९९८

दुफिए ताई,

तुझं पत्र मिळालं. तू लिहिलंस की पहिल्या ओळीसाठी तू मला माफ करणार नाहीस. नको करूस. पण त्याच्या खाली जे लिहिलंस त्याने माझी झोप उडवली. "टोमॅटो कुणाच्या नावाने येतात ते बघ. त्याच्या नावाने आले तर दुर्लक्ष कर. तुझ्या नावाने आले, तर ती तुझी परवानगी मागते आहे."

मी क्रेटवरची चिठ्ठी काढून बघितली. "घरच्या बाईसाठी." सगळ्यांवर तेच. मी समजत होते की ती नवऱ्याला खूश करते आहे. ती मला खूश करत होती! तू तुझ्या सवतीला असंच काही पाठवत होतीस का? मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

आता पुढचं ऐक. टोमॅटोनंतर कापड आलं. पूर्ण ठाण, चांगलं मेणाच्या छापाचं, निळ्यावर पिवळ्या टोपल्या. ते मात्र घरच्या बाईसाठी नव्हतं. "ज्याने जीव वाचवला त्यासाठी." बारिमाने अर्ध्याचा शर्ट शिवला. शिंप्याकडून आणला, घातला, आरशापुढे उभा राहिला आणि पोट आत ओढलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यासमोर त्याने कधी पोट आत ओढलेलं नाही.

म्हटलं, असू दे. शर्टच आहे.

मग शुक्रवारी स्टँडवर उकडलेली अंडी विकणारी सेर्वा माझ्या पाटापाशी येऊन बसली. अंडं सोलता सोलता म्हणाली, "तुम्ही दोघांनी जोडीचं कापड घेतलंत, चांगलं केलंत हो."

"कसलं जोडीचं?"

"तो निळा शर्ट गं. आणि शेजारी तू बसली होतीस ना, निळ्याच कापडात, डोक्यापासून गळ्यापर्यंत गुंडाळून? मी लांबून हात केला, तू बघितलंच नाहीस."

मी तिच्याकडून मिरचीची पूड मागून घेतली आणि अंडं खाल्लं. ती मी नव्हते, हे तिला सांगितलं नाही.

संध्याकाळी तो फुफू खायला बसला. मी रस्सा वाढला आणि समोर बसले.

"पुढच्या सीटवर कोण बसतं?"

"प्रवासी."

"कुठला प्रवासी?"

त्याने गोळा बुडवला, गिळला, मग म्हणाला, "फ्रेमा मॅडम. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसतच नाही ती. स्टँडवर पाच गाड्या लागलेल्या असल्या तरी माझीच वाट बघते."

ऐकलंस? हे सांगताना त्याची मान किती ताठ झाली होती! आगीनंतर सगळा रस्ता त्याला सलाम करतो आहे, हे मला दिसतं. पोलीससुद्धा नाक्यावर "जा, जा, वीर माणसा" म्हणतात. घरी त्याला कोण सलाम करणार? मी त्याला मोजे धुवायला लावते.

"आणि काय म्हणते फ्रेमा मॅडम?"

"नवी गाडी घेते आहे. टोमॅटोसाठी. म्हणते, चालव. तेचिमानला राहायला खोली देते."

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, घरी विचारतो."

"मग विचार की."

"विचारतोच आहे ना आत्ता!"

"तू विचारत नव्हतास, बारिमा. मी विचारत होते, तू रस्सा ओरपत होतास."

तो उठून गेला. ताट तसंच. मी ते शेजाऱ्यांच्या शेळीला घातलं.

आई गेली तेव्हापासून मला भांडल्यावर बोलायला कुणी नाही. पूर्वी तू होतीस. असो.

अमा


कुमासी, २४ एप्रिल १९९८

ताई,

घाईत लिहिते. हा बसवाला निघतो आहे.

गेल्या मंगळवारी सकाळी बारिमा पेज पीत बसला होता. निळा शर्ट घातला होता, इस्त्री केलेला, मी न केलेला. मी बाहेर गेले, गाडीचं दार उघडलं, पाना लावला आणि सिलिंडर काढून घेतलं. त्या जागी फडक्यांची पिशवी ठेवली, म्हणजे बसताना त्याला कळू नये. ते सिलिंडर माझ्या पाटावरचं आहे. माझ्या पैशाचं, माझ्या हाताने बसवलेलं. तो वीर झाला ते माझ्या सिलिंडरवर, आणि ती मात्र खिडकीतून ओढणाऱ्या हाताकडे बघते! बघू दे आता नुसत्या हाताकडे.

काढताना मला इतकं बरं वाटलं! दिवसभर ते माझ्या पायांशी ठेवून बसले होते. सेर्वा म्हणाली, "आज खुशीत दिसतेस." होतेच.

तो मंगळवारी परत आला नाही. पहाटे माल भरायचा असला की कधी कधी तिकडेच राहतो, म्हणून मी उशी फेकून दिली आणि झोपले. बुधवारी आला नाही. काल आला नाही. निरोपही नाही. रागाचं काय झालं मला कळेना. मी रागावर बोट ठेवायला जाते आणि तिथे दुसरंच काहीतरी असतं.

आज शुक्रवार. सगळ्या गाड्या आल्या. आत्ता सुन्यानीचा एक ड्रायव्हर पाणी प्यायला थांबला आणि म्हणाला, अकुमादानच्या वळणावर एक गाडी जळून कोळसा झाली आहे. मी विचारलं, कुठली? म्हणे, "आता काय ओळखू येणार, बाई? पत्राच उरलाय."

मी पाट सेर्वाच्या ताब्यात दिला आहे. दोन सिलिंडरं घेऊन निघते आहे. एक मांडीवर, एक पायाशी. लोक हसतायत.

ताई, तू चर्चमध्ये जातेस ना तिथे? त्याचं नाव घे. माझं घेतलं नाहीस तरी चालेल.


कुमासी, ३० एप्रिल १९९८

दुफिए ताई,

जिवंत आहे. तो जिवंत आहे. आधी हे.

अकुमादानच्या वळणावर मी बसले होते ती गाडी हळू झाली, तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. बारिमाच्या गाडीमागे एक ओळ रंगवलेली आहे, म्हणून शेजारच्या म्हाताऱ्याला म्हटलं, "बाबा, गाडीच्या मागे काय लिहिलंय ते बघा." तो म्हणाला, "काही लिहिलेलं दिसत नाही, पोरी, पण ती मालवाहू आहे. बाकं नाहीत हिच्यात." बाकं नाहीत! मी त्याचा हात इतका घट्ट दाबला की तो ओरडला. त्या ट्रकमधली माणसंही उड्या मारून वाचली होती, हे मागून कळलं.

तेचिमानला टोमॅटोच्या बाजारामागे आमची गाडी उभी होती. बारिमा चाकाला टेकून बसला होता, निळा शर्ट मळलेला. मला बघून उठला नाही. माझ्या हातातल्या सिलिंडरकडे बघितलं आणि म्हणाला, "आणलंस?"

"तू घरी का नाही आलास?"

"कसा येऊ? गाडीत सिलिंडर नाही. त्याच्याशिवाय मी चालवत नाही."

ताई, हाच माणूस! हाच, ज्याला पाय ठेवायला जागा नव्हती!

"इथे विकत नाही मिळालं?"

"दोन दुकानांत बघितलं. दोन्हीकडची पोकळ. तुझ्यासारखी कुणी ठेवत नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "फडक्यांची पिशवी कुणी ठेवली ते कळायला मला वेळ लागला नाही. निरोप पाठवणार होतो. पण म्हटलं, राहू दे तिलाही चार दिवस तळमळत."

म्हणजे त्यानेही मला मुद्दाम जाळलं. मी त्याला तिथेच दोन गुद्दे घातले. हमाल बघत होते.

मग त्याने सांगितलं की मंगळवारी फ्रेमा नेहमीसारखी गाडीत चढायला आली. पायरीवर पाय ठेवला, आत वाकली, सीटच्या बाजूच्या पट्टीत सिलिंडरऐवजी फडक्यांची पिशवी तिला दिसली, आणि ती तशीच मागे सरून जमिनीवर बसली. काही केल्या चढेना. टोमॅटोचे क्रेट वर चढवलेले होते, ते उतरवावे लागले. तेव्हापासून ती गाडीत बसलेली नाही. माल सडला.

"मला तिच्याकडे घेऊन चल," मी म्हटलं.

ती क्रेटच्या मागे एका लाकडी पेटीवर बसून हिशोब सांगत होती. आवाज मोठा, बाजाराला शोभेल असा. मला वाटलं होतं, निळ्या कापडात नटलेली एखादी टवटवीत विधवा असेल. कापड तेच होतं. पण ते तिने डोक्यापासून गळ्यापर्यंत का गुंडाळलं होतं ते मला जवळ गेल्यावर कळलं. डावा कान नाही. गाल मानेपर्यंत ओढला गेलाय, मेणबत्ती वितळावी तसा. तो हात कोपरात सरळ होत नाही. बारिमाने मला यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

आणि तुला खरं सांगते, कारण तुझ्याशी मी बोलत नाही, म्हणून खरं सांगायला हरकत नाही. एवढं असूनही ती सुंदर आहे. उजव्या बाजूने बघितलं तर बघतच राहावं. मला तिची दया यायला हवी होती. आली, पण राग त्याच्या आधी आला.

तिने मला बसायला पेटी दिली, पाणी दिलं. रीतीप्रमाणे विचारलं, "कशासाठी येणं झालं?"

मी म्हटलं, "तुमचे टोमॅटो पोचले. ते कशासाठी होते, ते विचारायला आले."

तिने हमालांना जायला सांगितलं. बारिमाही जायला निघाला. "तू थांब," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

"बहिणी," ती म्हणाली, "मी आडून बोलत नाही. मला तुझ्या नवऱ्याशी लग्न करायचं होतं. तुझ्या मर्जीने. म्हणून आधी तुझ्याकडे भेटी पाठवल्या."

"आवडतो तुम्हाला तो?"

तिने बारिमाकडे नीट बघितलं, बाजारात माल बघतात तसं. "वाईट नाही. पण ते नाही गं. मला आता कुठल्याच गाडीत बसता येत नाही. धुराचा वास येतो, नसला तरी येतो. याच्या गाडीत मात्र ते लाल सिलिंडर असतं. सबंध रस्ताभर मी त्याच्यावर हात ठेवून बसते. माझा धंदा कुमासीत आहे. गाडीत बसले नाही तर मी संपले. म्हटलं, रोज दुसऱ्याच्या गाडीवर किती दिवस विसंबणार, लग्न केलं की गाडी घरचीच होईल."

मी बारिमाकडे वळले. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. इतके दिवस पोट आत ओढून बसला होता बिचारा, आणि बाई हात ठेवून बसली होती सिलिंडरवर! मला हसू फुटणार होतं, पण तेवढ्यात दुसरं आठवलं.

"तिने तुला लग्नाचं विचारलं तेव्हा तू काय म्हणालास?"

"म्हटलं, घरी विचारा."

"'नाही' म्हणता आलं नाही?"

"अगं, एवढी भाजलेली बाई, तिच्या तोंडावर नाही कसं म्हणू?"

"म्हणजे ते माझ्या तोंडाने म्हणवून घ्यायचं. तू वीर, आणि मी दुष्ट."

फ्रेमा पहिल्यांदाच हसली, अर्ध्या तोंडाने. "पुरुष असेच," म्हणाली. मला ती आवडायला लागली याचाही मला संताप आला.

ताई, त्या पेटीवर बसून मी तुझा विचार केला. तुलाही कधी काहीतरी असंच हवं असेल, आणि मी विचारलं नाही. तेवढाच केला, फार नाही.

मग मी म्हटलं, "मॅडम, नवरा देणार नाही. अर्धाही नाही. शर्ट घातला तेवढा पुरे. पण ही दोन्ही सिलिंडरं घ्या. आणि नुसता हात ठेवून बसायचं नाही. चालवायला शिका."

"मी आगीजवळ जाणार नाही."

"मी तुमच्या मागे उभी राहते."

बाजाराच्या मागच्या मोकळ्या जागेत मोडके क्रेट रचले, रॉकेल टाकलं. मी काडी ओढली. जाळ उठला तशी ती पळाली, थेट कांद्याच्या ढिगामागे. बायका गोळा झाल्या, कुणी हसेना. मी जाऊन तिला आणलं. परत काडी. ती रडत होती आणि मला नको नको त्या शिव्या देत होती. मी मागून तिच्या कमरेला घट्ट धरलं आणि कानात सांगत राहिले, ज्या बाजूला कान आहे त्या बाजूला. "खीळ ओढा. ओढा! नळी खाली, जाळाच्या बुडाशी. वर नाही हो, ज्वाळा काय करणार, बूड धरा त्याचं! आता दाबा."

तिने दाबलं. वाकडा हात, पण काय जोर! पांढरा लोट उठला. आम्ही दोघी पिठात घोळल्यासारख्या झालो. जाळ गेला. ती तशीच दाबत राहिली, सगळं रिकामं होईपर्यंत, आणि घशातून असा आवाज काढला की कुत्री पळाली.

मग मला म्हणाली, "परत पेटव."

दुसऱ्या सिलिंडरने तिने परत विझवलं. या वेळी मी तिला धरलं नव्हतं.

मी मागे वळले. बारिमा तिच्याकडे बघत होता. धुरात नव्हे, स्वच्छ उन्हात, आणि पोट आत ओढायचंही भान नव्हतं. आता मात्र मला खरी भीती वाटली, ताई. त्या सगळ्या टोमॅटोंनी वाटली नव्हती इतकी. "चला घरी," मी म्हटलं. पण दोन्ही सिलिंडरं रिकामी झाली होती आणि सिलिंडरशिवाय तो गाडी काढेना, म्हणून मी एकटीच परतले, दुसऱ्या दिवशी कुमासीहून एक भरलेलं कुणाच्या तरी हाती पाठवलं आणि त्याला ते बसवून येऊ दिलं. त्यानंतर त्याला सांगितलं, तेचिमानचा रस्ता पुरे, आता मांपोंगचा धर. त्याने गाडीवरची तेचिमानची पाटी काढली. निळा शर्ट मी फाडला नाही. पुसायची फडकी कमी पडत होती, तरी नाही.

अमा बिरागो


कुमासी, ८ नोव्हेंबर १९९८

दुफिए ताई,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला कारण धंदा वाढला आहे. तेचिमानच्या टोमॅटोवाल्या बायकांनी ठरवलं आहे की भरलेलं सिलिंडर नसलेल्या गाडीत माल चढवायचा नाही. ड्रायव्हर चरफडत माझ्याकडे येतात, काटा हिरव्यावर आहे ना ते माझ्यासमोर तपासतात. फ्रेमाने नवी गाडी घेतली, तिच्यावर दुसरा ड्रायव्हर ठेवला, म्हातारा आणि दात पडलेला. मी खात्री करून घेतली.

ती आता कुठल्याही गाडीत बसते. आपलं सिलिंडर लहान मुलासारखं मांडीवर घेऊन. कुमासीला आली की माझ्या पाटापाशी थांबते. आम्ही भात खातो आणि पुरुषांबद्दल बोलतो. तिला वाटतं, मी तिची मैत्रीण आहे. असेनही.

गेल्या रविवारी वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. ऑफिन्सोजवळ शाळेच्या मुलांच्या बसला आग लागली, ड्रायव्हर गांगरला, आणि मागच्या गाडीतून ही उतरली. पोरं सगळी बाहेर. फोटोत तिने डोक्यावर कापड घेतलेलं नाही. तो गाल, तो कान, सगळं उघडं, आणि खाली लिहिलंय, "शूर व्यापारी महिला." बारिमाने पेपर आणला, जेवायच्या आधी जोरात वाचून दाखवला आणि म्हणाला, "बघ, तू शिकवलेली!"

मी म्हटलं, "रस्सा निवतोय."

अगं, इतकी वर्षं मी ही सिलिंडरं विकते आहे. नवऱ्याने आग विझवली, त्या बाईने विझवली. माझ्या हातून क्रेटपलीकडे एकही आग विझलेली नाही. कधी कधी स्टँडवर एखाद्या गाडीतून धूर निघाला की मी पटकन उठते. रेडिएटर तापलेला असतो फक्त. सेर्वा म्हणते, "बस खाली, आज नाही." लोकांचं वाईट चिंतणारी मी नाही. पण त्या रात्री मी फोटोकडे बघत बसले आणि मला तोच जुना मत्सर वाटला, जो टोमॅटोंच्या वेळी वाटला होता. बारिमाशी त्याचा काही संबंध नव्हता.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू लिहिलंस की आजारपणात तुझ्या सवतीने तुला आंघोळ घातली, स्वतःच्या मुलांना उपाशी ठेवून तुला सूप पाजलं, आणि दर शनिवारी ती तुझे केस विंचरून बारीक वेण्या घालते. तू इतकं गोड लिहिलं आहेस की पत्र वाचून माझ्या अंगाची आग झाली. तुझे केस मी विंचरायचे. अंगणात, आईच्या स्टुलावर बसवून. तू ओरडायचीस की मी ओढते. ती ओढत नाही का?

नाताळला या. बारिमा सरहद्दीपर्यंत गाडी घेऊन येईल, मी पुढे बसेन. 'या' असं लिहिलं आहे, ते मुद्दाम. तिलाही आण. दोघींना बसवून मी बघणार आहे, कोण वेणी चांगली घालतं ते.

तिचं नाव काय गं? मी कधी विचारलंच नाही.

तुझी अमा